नानांचे तीन दवाखाने

आमचे जिंतूरचे शेजारी नाना पेशकार एकच दुखणं तीन तऱ्हांनी सांगत. सरकारी डॉक्टरांपुढं "साहेब, ब्लडप्रेशर." वैद्यबुवांपुढं "रक्त वर चढायलंय." आणि हकीमसाहेबांपुढं "हुजूर, खून में जोश है." उभी हयात निजामाच्या कचेरीत गेलेली, राज्य बदललं, नानांची उर्दू बदलली नाही. तिघांची औषधं ते मनोभावे घेत आणि एकाचं दुसऱ्याला कळू देत नसत.

"नाना, तिघं कशाला?" मी विचारी.

"मामला नाजूक हाय, मास्तर." भाजी महागली तरी त्यांचा मामला नाजूकच.

त्या उन्हाळ्यात मात्र नानांचं काहीतरी बिनसलं. मला तहसीलदारसाहेब म्हणू लागले. बोलता बोलता पेंगत. एकदा खांब धरून म्हणाले, "जमीन फिरायलीय, का मीच फिरायलोय?" आणि एका बाजारच्या दिवशी कांदे निवडता निवडता कांद्यांवरच आडवे झाले.

त्यांना घरी आणलं, पण पुढं काय करावं ते मला सुचेना. एका डॉक्टरला बोलवावं तर बाकी दोघांच्या पुड्या लपवायच्या. गोंधळून मी तिघांनाही निरोप धाडला. तिघं दारातच एकमेकांना दिसले आणि थबकले. नानांनी झटकन डोळे मिटून घेतले.

"तुम्ही यांना काय देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर्पगंधा," वैद्यबुवा म्हणाले.

हकीमसाहेबांनी त्यांची पुडी चिमटीनं चाखली. "अरे, ही तर आमची असरोल!"

डॉक्टरांनी आपल्या गोळ्यांची बाटली उचलली. "माझी गोळीही त्याच मुळीची आहे."

नाना एकच मुळी तीन नावांनी, तिप्पट खात होते.

"मग मी आजारी हाय का न्हाई?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

तिघं डोक्याला डोकं लावून बसले. ठरलं असं, की गोळी फक्त डॉक्टरांची, तीही छोटी. खाण्यापिण्याचं वैद्यबुवा बघतील. हकीमसाहेब रोज संध्याकाळी येऊन नाडी बघतील, बिघाड वाटला तर डॉक्टरांना कळवतील. नवीन औषध द्यायचं तर तिघांनी बोलून.

थोड्याच दिवसांत मी पुन्हा मास्तर झालो.

"आता तरी सांगा," मी म्हणालो, "तिघं कशाला?"

नाना बाहेर बघत म्हणाले, "डॉक्टर पोरानं लावून दिला. वैद्यबुवा घरचे. आन् हकीमसाहेब... पोलिस ॲक्शन होऊन निजाम गेला तवापासून त्यांच्याकडं कोण जायलंय, मास्तर? सकाळी दवाखान्यात गादी घालतेत, सांजच्याला तशीच गुंडाळतेत."

"मग नुसतं जाऊन बसायचं होतं की."

"नुसतं कसं जावं?" नाना हलकेच म्हणाले. "औषध न्हाई घेतलं तर त्यांना कळतंय, हा कीव करायलाय म्हणून."

गल्लीच्या टोकाला हकीमसाहेब येताना दिसले. नानांनी उठून दुसरी खुर्ची बाहेर मांडली.