हात न टेकता

ताराक्कांनी माझं नाव विचारलं ते तिसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत त्यांनी मला जमिनीवर बसवलं होतं.

मी नागपूरहून बदली होऊन बेंगळुरूत, के. आर. पुरमच्या फ्लॅटमध्ये नुकताच आलो होतो. खोकीसुद्धा उघडली नव्हती. फोनवरचं माझं मराठी ऐकून शेजारच्या अक्का दारात आल्या. सुती साडी, पायांत पळायचे बूट, साठी केव्हाच मागे पडलेली. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरूचं, त्यामुळे मराठीत कन्नड सुखाने नांदतं.

"तम्मा, स्वल्प खाली बस बघू," त्या म्हणाल्या. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. भाऊ बसला. "सरी, ठीक. आता हात न टेकता उठ."

चौतिशीतला मी अर्धा उठलो आणि बाजूच्या खोक्यावर आडवा झालो. अक्कांचा चेहरा असा उजळला, की जणू हवा तसा माणूस अखेर शेजारी राहायला आला.

"मांसाला काम दे," त्यांनी सांगितलं, "नाहीतर ते न सांगता निघून जातं."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की मीटिंगमध्येही ते कानात वाजायचं. अक्कांचा सगळा जन्म चिकपेटेतल्या दुकानात, गादीवर बसून रेशमी साड्या उलगडून दाखवण्यात गेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाकडे वळतात, अक्का डंबेल्सकडे वळल्या. पाण्याचा भरलेला कॅन त्या खांद्यावर टाकून जिन्याने वर आणत आणि मदतीला धावणाऱ्या वॉचमनला म्हणत, तुझं काम तू कर, माझं मला करू दे. मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून व्यायामाचे रबरी पट्टे वाटले आणि तिळगूळ हातात पडण्याआधी प्रत्येकीकडून भिंतीला टेकून बैठक काढून घेतली. पुढच्या वर्षी बायका कमी येतील असं मला वाटलं होतं. उलट सासवांना घेऊन आल्या.

माझा फ्रिज तर त्या परवानगी न घेता उघडत. नूडल्स दिसले की नुसत्या माझ्याकडे बघत. मग संध्याकाळी डबा यायचा: हुरळीची, म्हणजे आपल्या कुळथाची उसळ, उकडलेली अंडी, घट्ट दही. हळूहळू मी खोक्याविना उठायला लागलो. तेव्हा अक्कांनी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून मला पुन्हा उठून दाखवायला लावलं.

रविवारी मात्र त्या दिसत नसत. पिशवी घेऊन देवनहळ्ळीच्या बसने जात. कुठे, ते कधी बोलल्या नाहीत. एका रविवारी सकाळीच त्यांनी माझं दार ठोठावलं. बस चुकली होती आणि आज उशीर चालणार नव्हता.

मी गाडी काढली. वाटेत कळलं. त्यांची मोठी बहीण, रुक्माक्का, न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड जुळलं, पण अंथरुणात पडून पडून मांड्यांतलं बळ गेलं. मुलगा सुरेश बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर, सून शाळेत. दिवसभर घरात उचलायला कोणी नाही. म्हणून सुरेशने आईसाठी एका वृद्धाश्रमात जागा बघितली होती, आणि आज त्याला होय की नाही कळवायचं होतं. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम ताराक्का दर रविवारी बहिणीकडून घोटून घेत. आधी पलंगावरच पाय उचलणं, मग उंच खुर्ची, मग बेताची खुर्ची.

"आज तिनं उठायला पाहिजे," त्या म्हणाल्या. टोल नाक्यावर त्या माझ्यापेक्षा जास्त घाईत होत्या.

रुक्माक्का खुर्चीत होत्या. शेजारी वॉकर. सुरेश दाराशी हाताची घडी घालून उभा. ताराक्कांनी बहिणीसमोर दोन्ही हात पसरले, अगदी जवळ, पण न लावता.

रुक्माक्का पुढे वाकल्या. पाय थरथरले. खाली बसल्या. पुन्हा वाकल्या, आणि या वेळी उठल्या. वॉकर धरून त्या स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, आम्ही चौघं श्वास रोखून मागे. सुरेशने डोळे पुसत फोन काढला आणि आई घरीच राहणार असं त्या लोकांना सांगितलं. सून हसत होती, मी विनाकारण टाळ्या वाजवत होतो. ताराक्कांचे हात मात्र अजून तसेच पसरलेले होते. मग त्यांनी ते पदराला पुसले.

परतताना अक्का भरभरून बोलत होत्या. रुक्मीचा डावा पाय कसा आधी हलायचाच नाही, आज कसा टेकला, आता पुढे जिना. के. आर. पुरमचा पूल दिसायला लागला तशा त्या मांडीवरच्या पिशवीची घडी घालू लागल्या.

"दर वेळी निघताना म्हणायची, तारी, अजून स्वल्प थांब," त्या म्हणाल्या. "आज म्हणाली नाही. भाजी चिरायला बसली."

मी म्हटलं, चांगलंच झालं की.

"चांगलंच झालं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तम्मा, तुझी आई नागपूरला असते ना? बोलाव की तिला इकडे. पाय कसे आहेत तिचे?"