सेवा मंडळाचा गळ

गोपीनाथराव कारखानीस खोटं बोलले ते एका कळशीपुरतंच. पुढे त्या कळशीच्या पाठोपाठ निम्मं स्वयंपाकघर विहिरीत गेलं, पण तसा त्यांचा मूळचा इरादा नव्हता.

ठाण्याला सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून जन्म घालवल्यावर त्यांनी डोंबिवलीत, गावाच्या बाहेर, भातखाचरांच्या कडेला दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. बेत असा होता, की पेन्शनीत निघाल्यावर मथुराबाईंनी ओट्यावर बसून बिरड्याचे वाल सोलायचे आणि आपण शेजारी बसून ते कसे सोलावेत हे सांगायचं. पण घरावर कौलं चढायच्या आत मथुराबाई गेल्या. मुलगा जबलपूरला नोकरीत. राहिले ते गोपीनाथराव, दोन खोल्या आणि मांडणीवर घासूनपुसून उपडी घातलेली मथुराबाईंची भांडी.

शेजार म्हणावा तर खाचरापलीकडे दौलत भोईरांचं घर. जागा त्यांनीच विकलेली, दोन्ही घरांमधली विहीरही त्यांचीच. पण मुलगे-सुना सकाळीच कामाला जात आणि म्हातारे दौलतबाबा ओट्यावर बसून विडी ओढत. समोरासमोर आले की गोपीनाथराव म्हणत, "काय, बरं आहे?" दौलतबाबा म्हणत, "हाय." झालं संभाषण. बाकी दिवसभरात गोपीनाथराव मोठ्यानं बोलत ते फक्त स्टोव्हशी, आणि तेही तो पेटला नाही तर. (पुढे पुढे पेटला तरी बोलू लागले.)

अशात माघातल्या एका रविवारी सकाळी कुणीतरी कडी वाजवली. गोपीनाथरावांनी आधी कोट चढवला, मग दार उघडलं. दारात दोन वेण्यांची, कपाळाला आठ्या घातलेली एक मुलगी उभी होती आणि तिच्यामागे दौलतबाबांचा नातू काळुराम.

"नमस्कार आजोबा. मी उत्तरा. हायस्कूलच्या सेवा मंडळाची चिटणीस. आमचं मंडळ दर रविवारी वृद्ध, अपंग आणि निराधार लोकांची सेवा करतं. तुमचं काही काम आहे का?"

गोपीनाथराव तीन ठिकाणी दुखावले. वृद्ध म्हणावं असं त्यांचं वय नव्हतं (असं त्यांचं मत), अपंग ते नव्हते, आणि निराधार माणसाला सरकार पेन्शन देत नाही. ते 'नाही' म्हणणारच होते. पण 'नाही' म्हटलं की दार लावायचं, आणि दार लावलं की पुन्हा स्टोव्ह.

"आत या ना. बसा. चहा घेता?"

"मंडळ नुसतं बसायला येत नाही, आजोबा," उत्तरा म्हणाली. "काम असेल तर सांगा. नसेल तर आम्हाला पुढं स्टेशनपर्यंत जायचंय. आजपर्यंत सगळ्यांनी 'काही नको' म्हणून परत पाठवलंय."

"आहे ना काम!" गोपीनाथराव घाईघाईनं म्हणाले. "कळशी. माझी कळशी पडलीय विहिरीत."

उत्तराचा चेहरा उजळला. मंडळाला अखेर एक दुःखी माणूस मिळाला होता. "पुढच्या रविवारी गळ घेऊन येतो," म्हणून ती दोघं गेलीसुद्धा.

कळशी अर्थात मांडणीवरच होती.

पुढचा रविवार उजाडला तसे गोपीनाथराव कळशी धोतराच्या सोग्याखाली झाकून विहिरीवर गेले आणि इकडेतिकडे बघून त्यांनी ती सोडून दिली. असा काही आवाज झाला, की ओट्यावरच्या दौलतबाबांनी तोंडातली विडी काढून इकडं पाहिलं. "काय, बरं आहे?" गोपीनाथराव म्हणाले. "हाय," दौलतबाबा म्हणाले.

मग मंडळ आलं. मुलं, मुली, दोर, लोखंडी गळ, 'डावीकडं घे रे', 'अरे, तुला डावं कळतं का?' असा तो गलका! गोपीनाथरावांनी चुरमुरे कालवून ठेवले होते. पण काळुराम विहिरीच्या पाण्यावरच वाढलेला. त्यानं गळ दोनदा फिरवला आणि कानाला अडकलेली कळशी वर आणून ठेवली.

"झालं काम. येतो आजोबा," उत्तरा म्हणाली.

"चुरमुरे..."

चुरमुरे त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ले. ती पांगल्यावर गोपीनाथराव ओल्या कळशीकडे बराच वेळ बघत बसले. इतक्या लवकर वर यायचं काय अडलं होतं हिचं?

त्या आठवड्यात त्यांनी तांब्या टाकला.

तांब्यानं मात्र इमान राखलं. तांब्याला कान नसतात, त्यामुळे गळ लागत नाही. ही गोष्ट आयुष्यभर तांब्यानं पाणी पिऊनही गोपीनाथरावांच्या ध्यानात आली नव्हती. तांब्यासाठी मंडळ लागोपाठ तीन रविवार आलं. दोर टाकून टाकून थकली की मुलं ओट्यावर टेकत आणि मग आपोआप बोलत. कुणाच्या घरी म्हैस व्यालेली असे, कुणाचा भूमितीशी उभा दावा असे. काळुराम सांगे, "आमचा आजा एकदा मिठागरात कामाला गेलेला, तर तिकडंच झोपून राहिलेला. भरती आली तवा उठला!" गोपीनाथराव कचेरीतल्या गमती सांगत. त्या फारशा गमतीच्या नव्हत्या, पण मुलं हसत. मंडळाच्या सेवेत तेही मोडत असावं.

सोमवारी घर पुन्हा मुकं. मंगळवार त्याहून मुका. शुक्रवारपासून गोपीनाथराव मांडणीसमोर उभे राहून विचार करू लागत, की आता काय टाकावं? कान असलेलं भांडं नको. कडी असलेली बादली तर मुळीच नको. फुलपात्र उत्तम. वरवंटा सर्वोत्तम, कारण तो गाळात रुतून बसतो. सरकारी नोकरीत कधी दाखवली नाही एवढी दूरदृष्टी त्यांनी या निवडीत दाखवली. होळीपर्यंत त्यांच्यावर वाटीतून चहा प्यायची पाळी आली. पाडव्याला चटणी वाटायला काही उरलं नाही.

"आजोबा, भांडी तुमच्या हातातून निसटतात का?" उत्तरानं एकदा काळजीनं विचारलं.

"निसटतात ना. वय झालं," गोपीनाथराव म्हणाले. (जे वय त्यांनी पहिल्या दिवशी कबूल केलं नव्हतं, ते आता आनंदानं कबूल केलं.)

पुढच्या रविवारी ती घरून ब्राह्मीच्या तेलाची बाटली घेऊन आली आणि त्यांच्या तळहाताला चोळून दिली. गोपीनाथरावांना एकदम भरून आलं, आणि त्या भरात त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोऱ्या टाकला.

आता मुलांनी ही हकीकत शाळेत सांगितली. मंडळ चालवणारे तारे मास्तर उत्साही गृहस्थ होते. श्रमदानाचे दिवस. कुठं रस्ता, कुठं बांध. मास्तर स्वतः येऊन विहिरीत डोकावले आणि म्हणाले, "कारखानीससाहेब, दोष तुमच्या हातांचा नाही. या विहिरीला कठडाच नाही! आज तांब्या पडतो, उद्या तुम्ही पडाल. वैशाखात पाणी तळाला गेलं की आम्ही श्रमदान करतो. सगळा गाळ उपसायचा, तळ स्वच्छ करायचा आणि वर पक्का कठडा बांधायचा."

"सगळा गाळ?" गोपीनाथरावांनी विचारलं.

"अगदी तळापर्यंत! तुमची एकूण एक वस्तू बाहेर येईल."

गोपीनाथरावांनी मग कचेरीतली सारी विद्या पणाला लावली. गाळ काढल्यास पाण्याची प्रकृती बिघडते, विहीर खाजगी मालकीची असल्याने मालकाची हरकत संभवते, प्रकरण पावसाळ्यानंतर फेरविचारार्थ घ्यावे. मालकाला विचारलं, तर दौलतबाबा म्हणाले, "काढा." फेरविचार संपला. वर मास्तरांनी नारळ फोडायचा मान गोपीनाथरावांनाच दिला.

श्रमदानाच्या दिवशी भर उन्हात पन्नासेक पोरं जमली. बादल्यांची साखळी लागली. गोपीनाथरावांनी कोट घालून नारळ फोडला, तो पहिल्या फटक्यात फुटला नाही, हातच दुखला. मग त्यांना खुर्चीवर बसवलं. फाशीच्या कैद्यालाही इतक्या मानानं कुणी बसवलं नसेल.

गाळाबरोबर आधी दौलतबाबांची जुनी बादली आली, मग तांब्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फुलपात्र आलं. टाळ्या. आणखी एक फुलपात्र. मग वरवंटा आला आणि टाळ्या थोड्या अडखळल्या. मग मोठी पितळी परात आली. मग खाली उतरलेल्या काळुरामनं चिखलानं भरलेलं काहीतरी वर धरलं, आणि मुलींनी ते धुतल्यावर सगळे एकदम गप्प झाले. तो सोऱ्या होता. आत चकतीसुद्धा होती.

तारे मास्तरांनी सोऱ्याकडं पाहिलं, मग गोपीनाथरावांकडं. ओट्यावरून दौलतबाबांचा आवाज आला, "ह्यो मानूस पानी भराया येतो का चकल्या पाराया?"

जे हसू फुटलं ते दूरच्या खाचरापर्यंत गेलं. गोपीनाथराव मान खाली घालून बसले. कोटाच्या आत घाम ओघळत होता. आता ही मुलं जातील आणि परत यायची नाहीत, एवढंच त्यांना कळत होतं.

उत्तरा हसली नाही. ती भांडी धुऊन ओळीनं मांडत होती आणि प्रत्येकावर घातलेलं नाव मंडळाच्या शिस्तीनं खणखणीत वाचत होती. "सौ. मथुराबाई कारखानीस, मामांकडून... सौ. मथुराबाई, डोहाळजेवणाप्रीत्यर्थ... सौ. मथुराबाई गोपीनाथ कारखानीस..."

गोपीनाथरावांनी मान वर केली. हे नाव त्यांनी स्वतः आयुष्यात एकदाच मोठ्यानं घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, आणि तेव्हाही चुकले होते. नंतर जन्मभर 'अगं' आणि 'ऐकलंस का'. ती गेल्यापासून तर कुणी तोंडातून काढलंच नव्हतं. आता ते भर उन्हात, पन्नास पोरांसमोर, पुन्हापुन्हा ऐकू येत होतं. ते उठून घरात गेले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत उभे असताना दारात उत्तरा आली.

"आजोबा, भांडी तुम्हीच टाकत होता ना?"

"हो."

"का?"

"कळशी निघाली आणि तुम्ही लगेच निघालात म्हणून."

उत्तरानं कपाळाला आठ्या घातल्या. मग हळूच म्हणाली, "मी मास्तरांना सांगते, तुम्हाला विसरायला होतं म्हणून. आणि चहा टाका. मी बसते थोडा वेळ."

कठडा बांधून झाला. वर लोखंडी जाळीही बसली, इतकी बारीक, की चमचा टाकायची सोय राहिली नाही. पावसाळ्यात शाळा सुरू झाली आणि मंडळाला मोहने गावाच्या बाजूला नवं काम मिळालं. मुलं येता-जाता हाक मारत, पण रविवार तो रविवार राहिला नाही. गोपीनाथराव पुन्हा स्टोव्हशी बोलू लागले.

श्रावणात उत्तरा एकटीच आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "आजोबा, मंडळाचं एक काम आहे, तुम्ही कराल? काळुरामचे आजोबा दिवसभर एकटेच असतात. डोळ्यांनी कमी दिसतं, वाचता येत नाही. तुम्ही त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवाल? आम्हाला शाळेमुळं जमत नाही."

"म्हणजे मी सेवा करायची?"

"हो. तुम्ही आता मंडळाचे सभासद."

गोपीनाथराव दुसऱ्या दिवसापासून कोट घालून खाचराचा बांध ओलांडू लागले. पहिल्या पानापासून सुरुवात करून ते बाजारभावापर्यंत सगळं वाचत, अवघड शब्दांचा अर्थ सांगत, अग्रलेखावर स्वतःचं मतही देत. दौलतबाबा विडी ओढत ऐकत. मध्येच म्हणत, "हं." सून कामाला निघताना काळा चहा ठेवून जाई. बिचाऱ्या म्हाताऱ्याला आपल्याशिवाय कोण आहे, या विचारानं गोपीनाथराव तापातसुद्धा एक दिवस चुकले नाहीत. परतताना त्यांची चाल जरा ताठ असे. मुलाला त्यांनी जबलपूरला कळवलं, की सध्या यायला जमणार नाही, इथं एक माणूस माझ्यावर अवलंबून आहे.

दसरा झाला. एक दिवस त्यांचा घसा पार बसला होता. खाकरत, खोकत त्यांनी कसंबसं पहिलं पान संपवलं आणि म्हणाले, "दौलतबाबा, आज एवढंच पुरे केलं तर तुम्हाला फार वाईट वाटेल का?"

"वाईट?" दौलतबाबांनी विडी बाजूला ठेवली. "आवो भाऊसाहेब, मना त्या पेपरातलं काय समजतं? ती दोन वेन्यांची पोरगी आलती. बोलली, बाबा, तुमी आमच्या मंडलात या. समोरच्या आज्याला कोन नाय, तो यील तवा घटकाभर ऐकून घ्या, तेवराच त्याचा येल जातो. मी बोललो, बरं. तवापासून ऐकतंय."

गोपीनाथराव वाकून त्यांच्या डोळ्यांत बघू लागले. "पण... तुमचे डोळे?"

"डोल्यांना काय झालंय? त्यो बग, तुमच्या कौलावर कावला बसलाय. पायात काटकी हाय त्याच्या."

गोपीनाथरावांनी वळून पाहिलं. त्यांना कौलं दिसली. कावळा दिसला नाही. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, कोटाची बटणं लावली आणि ते उठले.

"मग उद्यापासून येत नाही मी."

"असं कसं? या की," दौलतबाबा म्हणाले. "मंडलाचं काम हाय, मी मदीच सोरनार नाय. फकस्त तो अग्रलेख का काय तो असतो ना, तेवरा घरून वाचून या."