इंजिनाची खंडेनवमी

शिडाची नाव सोडून इंजिनाची नाव घ्यायची, यात अवघड ते काय! दोरी ओढायची, इंजिन गुरगुरतं, नाव निघते. वाऱ्याची मनधरणी नाही, दोरांचा गुंता नाही, डोक्यात वासा बसणं नाही. असं मी माझ्या दोस्ताला, गुंडेरावला सांगितलं. बायकोला सांगितलं. बीदरच्या भाजीबाजारात कोथिंबीर निवडता निवडता एका अनोळखी गृहस्थालाही सांगितलं. तो बिचारा "हाव, हाव" म्हणत दुसऱ्या गाड्यावर निघून गेला.

आता तुम्हाला सांगतो. तुम्हाला दुसरा गाडा नाही.

आमची जुनी नाव म्हणजे

अक्का. लाकडी अंग, एक शीड, दोघांची जागा. वयानं ती आमच्याहून मोठी असावी, म्हणून अक्का. मी आणि गुंडेराव तिला हैदराबादेहून ट्रकवर घालून घेऊन आलो, तेव्हा वाटेतल्या गावांतून लोकांनी रथ समजून हात जोडले होते! तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं कारंजा धरणाच्या पाण्यावर. नोकऱ्या झाल्या, निवृत्ती झाली, गुंडेरावची बायको गेली. रविवार जागचा हलला नाही.

मग गुंडेरावचे गुडघे गेले. नवे बसवले, पण ते वाकायला तयार नव्हते, आणि अक्कात वाकावंच लागतं. वारा फिरला की शिडाचा आडवा वासा इकडून तिकडं असा धावतो, की लग्नाच्या पंगतीत वाढपी परवडला! वाकलात तर वाचलात. गुंडेराव श्रावणात वाकला नाही.

कपाळाला टाके पडले. बेंगळुरूहून त्याच्या मुलाचा, श्रीहरीचा, फोन आला.

"अप्पा, बस झालं आता. दसऱ्याला येतो आणि तुम्हाला इकडंच घेऊन येतो. अकरावा मजला हाय, हवा लई छान येते."

"त्या हवेचं मी करू काय?" म्हणून गुंडेरावनं फोन ठेवला. मग माझ्याकडं वळला. "विजू, मी गेल्यावर तू कोणासंगं जाशील रे पाण्यावर?"

मी उठलो आणि थेट बीदरजवळच्या कोळारला गेलो.

कोळारच्या कारखान्यांच्या वस्तीत एक

बसवप्रभु आहे. तो फायबरच्या पाण्याच्या टाक्या करतो. टाकीत पाणी आत राहिलं पाहिजे, नावेत बाहेर, एवढाच फरक, असं म्हणत त्यानं एक नावही करून ठेवली होती. मागं इंजिन, आत चौघांना ऐसपैस बाकं. शीड नाही, वासा नाही. या नावेत माणसानं ताठ बसावं आणि ताठच उतरावं!

"जुनी द्या, नवी न्या," बसवप्रभु म्हणाला. "तुमच्या अक्काला माझ्या भावाच्या मंगल कार्यालयात ठेवू. हिरवळीवर. नवरा-नवरी आत बसून फोटो काढतील."

आमची अक्का, आणि फोटोसाठी! पण एका पारड्यात अक्का होती आणि दुसऱ्यात गुंडेराव. मी गुंडेराव उचलला. (हे त्याला कधी सांगितलेलं नाही. वाचलं तर वाचू दे.)

"इंजिन कसं हाताळायचं ते दाखवतो की."

"दाखवू नका! कळतं मला!"

"वल्ही तरी ठेवा सोबत."

"इंजिन असताना वल्ही कामून?"

माझी योजना चोख होती. श्रीहरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला येणार. त्याला नव्या नावेतून एक चक्कर मारायची. बघ बाबा, तुझे अप्पा वाकले का? नाही ना? मग राहू दे त्यांना इथंच!

खंडेनवमीला आपल्याकडं

सगळं पुजतात. विळा, कोयता, शिलाईचं मशीन, मुलांचा कॉम्प्युटरसुद्धा. रस्त्यावरच्या बसला केळीचे खांब आणि झेंडूचे हार बांधतात, आणि ती बस तशीच नटूनथटून धावत राहते. हार आपला आपण गळून पडेपर्यंत कुणी काढत नाही. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या विळीलाही एक दिवस सुटी!

म्हणून आम्ही नावेत सुरी, विळी, कात्री यांतलं काहीही घेतलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

पूजा सांगायला माझी बायको शारदा होती. तिनं जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. काठावर नवी नाव उभी, नाकावर केळीचे दोन खांब बांधलेले, कोहळा फुटलेला. शारदा हातात लिंबं घेऊन थबकली.

"अहो, हिची चाकं कुठायत?"

"नावेला चाकं नसतात."

"मग लिंबू कशाखाली ठेवू? हिचं फिरतं तरी काय?"

"मागचा पंखा. पाण्यात फिरतो."

"झालं तर मग! फिरतं ते चाक. पंखा फिरतो. म्हणून पंखा हेच चाक. सिद्ध."

आणि तिनं पंख्याला हळदीकुंकू वाहिलं, लिंबू-मिरची बांधली, वर दंडाएवढ्या जाडीचा, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला झेंडूचा हार वेढ्यावर वेढे देऊन चढवला. पंखा नवरदेवासारखा दिसायला लागला.

श्रीहरीनं बोट वर केलं. तो तिचा विद्यार्थी. कंपनीत मोठा साहेब झाला, पण शारदेपुढं अजून बोट वर केल्याशिवाय तोंड उघडत नाही.

"बाई, हार काढावा का? अडकंल की."

"बसचा काढतात? मग नावेचा कामून? बस खाली."

साहेब खाली बसले.

मी तर मोठ्यानं हसलो. "अरे, घोड्यांची ताकद हाय ह्या इंजिनात! झेंडूचा चुरा करून टाकंल!"

सुरुवातीचा प्रवास

वैभवाचा झाला! एका झटक्यात इंजिन सुरू. नाव अशी सुटली की शारदानं माझा सदरा धरला आणि एक बटण पाण्यात गेलं. श्रीहरीनं सगळ्यांना नारिंगी फुगीर जाकिटं घातली होती. चौघं मिळून आम्ही झेंडूच्या टोपलीसारखे दिसत होतो. गुंडेराव मधल्या बाकावर, सणाच्या नव्या धोतरात, ताठ.

मी खुणेनं श्रीहरीला दाखवलं: बघ, वाकले का?

गुंडेराव मला काहीतरी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. मी "काय?" म्हणालो, ते त्याला कळलं नाही. मग आम्ही दोघं गप्प बसलो. अक्कावर आम्ही कुजबुजत भांडायचो. तिच्या बुडाखाली पाणी चुळुकचुळुक वाजायचं, तेवढाच आवाज. तिथं गुंडेरावनं मला स्वतःच्या लग्नाची पहिली बातमी सांगितली होती, आणि तिथंच एका रविवारी, बायको गेल्यावर, काहीच सांगितलं नव्हतं.

तो वळून काठाकडं बघत होता. काठावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अक्का होती, मंगल कार्यालयाकडं निघालेली, डोलकाठी उतरवलेली, दवाखान्यात न्यायला बसवलेल्या म्हातारीसारखी.

पण श्रीहरी खूश होता! तो अंगठा वर करणारच होता. अर्धा अंगठा वर आलाही होता.

घर्र. घुर्र. फट्.

इंजिन बंद पडलं आहे, तोवर आपण

हुसेनसागरवर जाऊन येऊ. इथं तसंही काही घडत नाही.

मी आणि गुंडेराव हैदराबादेत कॉलेजात होतो. एनसीसीच्या नौदल शाखेत फुकट नाश्ता मिळतो असं कळल्यावर आम्हाला समुद्राची ओढ लागली. तलावावर शिकवायला एक उस्ताद होते. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा. मी शिडाची दोरी जीव खाऊन ओढून धरायचो आणि नाव उलटायची. रोज! उस्ताद काठावरून ओरडायचे, "मियाँ, हवा से लड़ो नक्को! हवा कू पूछो, किधर जाना है!"

गुंडेराव कधी लढला नाही. तो डोळे मिटायचा, मान किंचित वळवायचा आणि म्हणायचा, "विजू, आला." आणि वारा यायचा! कानामागं कळतं म्हणायचा. माझ्या कानामागं फक्त घाम यायचा.

चला परत. इंजिन अजून बंदच आहे.

पाण्याच्या मधोमध

मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग दोरी माझ्या हातात आली, पूर्ण, मुठीसकट.

"हे असंच असतं का, काका?" श्रीहरीनं विचारलं.

"कधीकधी," मी म्हणालो.

सगळ्यांनी मिळून इंजिन वर उलथलं. पंखा दिसत नव्हता. त्याच्या जागी फणसाएवढा झेंडूचा गोळा होता, नायलॉननं करकचून आवळलेला, मधून एक मिरची डोकावणारी.

"दातानं तोडा," शारदा म्हणाली.

"माझे दात ते! सुपारी तुटत न्हाई त्यांनी. गुंड्या, तुझी कवळी नवी हाय की."

"ती जेवायला हाय. नाव चालवायला न्हाई."

"बसवप्रभूला फोन लाव, श्रीहरी!"

श्रीहरीनं लावला. पलीकडून घंटा आणि आरतीचा आवाज, त्यातून बसवप्रभु: "आज हत्यारं पुजल्यात हो! चाकूला बी हात लावायचा न्हाई. उद्या सकाळी माणूस धाडतो!"

"आणि ते मासे धरणारे? त्यांच्या टोपल्या-नावा?" मी विचारलं.

"त्याबी पुजल्यात," शारदानं काठाकडं बोट दाखवलं. गोल नावा ओळीनं पालथ्या पडल्या होत्या, हार घालून, आरामात.

मग आम्ही केळीचे खांब सोडून त्यांनी वल्हवायला घेतलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं श्रीहरी, मागून शारदा आरतीच्या ताटानं. नाव जागच्या जागी गोल फिरली.

"वर्तुळ," शारदा म्हणाली. "दोन्हीकडचा जोर सारखा पाहिजे."

श्रीहरीनं खांब खाली ठेवला. "काका, आज मी हाय म्हणून. उद्या अप्पा एकटे असले तर? अप्पा, परवाच्या गाडीची तिकिटं काढायलोय मी."

शारदानं आरतीचं ताट खाली ठेवलं. गुंडेराव खाली मान घालून बसला होता. संपलं, मी म्हटलं मनात. अक्काही गेली आणि हाही गेला.

तेवढ्यात गुंडेरावनं मान किंचित वळवली. डोळे मिटले.

"विजू."

"काय?"

"आला."

आणि मग, पाहुणे हो,

गुंडेरावनं धोतर सोडलं!

"अप्पा! काय करायलात!"

"शीड करायलोय. धर एक टोक. विजू, तू दुसरं. वहिनी, तिकडं बघा जरा."

"तिकडंच बघायलेय," शारदा म्हणाली.

आत निळ्या पट्ट्यांची, गुडघ्यापर्यंतची चड्डी होती. खाली ते दोन महागडे गुडघे. गुंडेराव मागच्या बाजूला केळीचा खांब पाण्यात खुपसून बसला, सुकाणू म्हणून. एकीकडं मी, दुसरीकडं श्रीहरी, हात वर करून, माणसांच्या दोन डोलकाठ्या. नव्या धोतराला अजून खळ होती. ते आधी लटकलं. मग थरथरलं. मग पोट काढून फुगलं, आणि नाव हलली. आवाज न करता! बुडाखाली चुळुकचुळुक सुरू झालं.

"घट्ट धरू नको, श्रीहरी. वाऱ्याशी भांडू नको. थोडं सैल दे. अजून. हां, हां! आता कळायलंय का, कुठून ओढायलाय?"

"व्हय अप्पा! हाताला कळायलंय!"

मी श्रीहरीकडं बघितलं. साहेब तोंड उघडं टाकून हसत होते. जन्मात बापानं त्याला नावेत घेतलं नव्हतं. अक्कात जागा दोघांचीच, आणि दुसरा कायम मीच होतो.

"काका, तुमची बाजू पडायलीय. वर धरा की!"

मी वर धरली. खांदे तुटले, पण धरली.

काठावर सणाला आलेली कुटुंबं उभी होती. आमची नाव धोतर फुगवून, पट्ट्यांच्या चड्डीतल्या नाखव्यासह वाजतगाजत, म्हणजे शिट्ट्या ऐकत, टेकली. गुंडेराव ताठ उतरला. अजिबात वाकला नाही! माझी योजना तेवढी तरी खरी झाली.

श्रीहरी धोतराची घडी घालत म्हणाला, "अप्पा, सुकाणूपाशी बसलात तर वाकावं लागतंय का?"

"न्हाई. पुढं शीड सांभाळणाऱ्याला वाकावं लागतंय. आजवर पुढं मीच; सुकाणू विजू सोडत न्हाई."

"मग पुढं मी बसतो."

आणि त्यानं जाऊन ट्रॉलीतून अक्काला उतरवलं.

आता सगळे

सुखात आहेत. श्रीहरी घरूनच काम करतो, बीदरच्या घरून. कंपनीला कळत नाही की साहेबांच्या मागं कोकिळा का ओरडते. गुंडेराव कुठंही गेला नाही. दर रविवारी बाप-लेक अक्कात. जागा दोघांची, तुम्हाला सांगितलंच.

इंजिनाची नाव परत करता आली नाही. "पूजा केलेलं वाहन परत करतात का?" शारदानं विचारलं. त्यामुळं अक्काच्या बदल्यात बसवप्रभूला माझी जुनी ॲम्बेसेडर द्यावी लागली. ती मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर असते. नवरा-नवरी तिच्यात बसून फोटो काढतात. छान येतात, ऐकलंय.

तर दर रविवारी मी आणि शारदा इंजिनाच्या नावेतून निघतो. चालवते शारदा. मला हात लावू देत नाही. परवा समोरून अक्का आली, शीड भरलेलं, आवाज नाही, आणि मागं गुंडेराव. मी हात हलवला. त्यानंही हलवला आणि तोंडाला दोन्ही हात लावून काहीतरी ओरडला. काही ऐकू येईना. पण माझा ऊर भरून आला! म्हटलं, इतक्या वर्षांचा दोस्त, काहीतरी बोलायचं असणार. मी शारदाला इंजिन बंद करायला लावलं.

"काय म्हणायलास, गुंड्या?"

"म्हणलं, लांब जा की रे जरा! तुझ्या लाटांनी शीड फडफडायलंय आमचं!"

आम्ही लांब गेलो. फार लांब नाही.