जुन्या लिफ्टपाशी डावीकडे

वालमोरच्या डोंगरावर मी वाट चुकणं म्हणजे जेवताना घास तोंडाऐवजी कानात जाणं, असं मी पन्नास वर्षं छाती ठोकून सांगत आलो. म्हणजे गेल्या फेब्रुवारीपर्यंत.

नकाशे असतात बर्फावर स्की करायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. तिकीटखिडकीवर फुकट मिळतात. निळे उतार सोपे, लाल अवघड आणि काळे हाडं मोडून घ्यायची हौस असलेल्यांचे. आम्ही गावकरीसुद्धा तो नकाशा वापरतो, नाही असं नाही. चूल पेटवायला. कागद चांगला आहे!

तर त्या रविवारी माझ्याकडे एकच काम होतं. आमचे होणारे व्याही केरब्रा यांना दुपारी एकच्या ठोक्याला वरच्या खानावळीत नेऊन बसवायचं. केरब्रा समुद्रकाठचे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या ब्रिटनीचे. मोठमोठी जहाजं खडकांमधून काढून बंदरात आणून लावणं हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा धंदा. जूनमध्ये लग्न झालं की त्यांचा मालो माझ्या क्लेमांसला घेऊन किनाऱ्यावर परतणार आणि आपल्या जागी उभा राहणार, असं ते धरून चालले होते. मालोनं मात्र ती खानावळ चालवायला घ्यायचं कबूलही करून टाकलं होतं! हे बापाला सांगायचं राहिलं होतं. बेत असा, की केरब्रांच्या पोटात गरम बटाटे आणि वितळलेलं चीज जावं, खिडकीतून हिमनदी दिसावी, आणि मग मालोनं हळूच तोंड उघडावं. संध्याकाळच्या गाडीनं ते परत जाणार होते.

क्लेमांसनं मला बजावलं, "पपा, त्यांना डोंगर आवडला पाहिजे. निळ्या उतारांनी हळूहळू आणा. आणि कृपा करून शॉर्टकट काढू नका."

मी दुखावलो. शॉर्टकट मी कधीच काढत नाही. माझ्या वाटाच मुळात लहान असतात.

लिफ्टच्या खुर्चीत बसल्या बसल्या केरब्रांनी खिशातून नकाशा काढला. पाण्यानं भिजू नये म्हणून त्याला प्लॅस्टिक लावलेलं, वर पेन्सिलीनं आखलेला मार्ग.

"ठेवा हो ते, व्याहीबुवा," मी म्हटलं. "हा डोंगर माझा तळहात आहे."

"तळहातही वाचावाच लागतो," ते म्हणाले आणि जायचं कसं ते विचारलं.

"सोपं आहे. जुन्या लिफ्टपाशी डावीकडे. मग पेरोलच्या गोठ्याला वळसा. तीन देवदार लागले की सरळ खाली."

त्यांनी चष्मा पुसून नकाशा पाहिला. "गोठा दिसत नाही."

"दिसेल कसा? चौऱ्याऐंशी साली हिमलोटात वाहून गेला."

"आणि जुनी लिफ्ट?"

"काढली. अकरा वर्षं झाली."

"देवदार तरी आहेत?"

"दोन पडले. तिसऱ्याचं बघावं लागेल."

त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मी ते आदरापोटी समजलो. आमच्याकडे वाट अशीच सांगतात. जी वस्तू आहे ती हलू शकते, नसलेली वस्तू जागा सोडत नाही!

वर पोचलो आणि कुणीतरी डोंगरावर ओली गोधडी टाकावी तसं धुकं आलं. मला स्वतःच्या स्कीची टोकं दिसेनात. तरी मी बरोबर जुन्या लिफ्टपाशी डावीकडे वळलो. म्हणजे लिफ्ट असती तर वळण बरोबर असतं. निळा उतार मंद असायला हवा. या उतारानं आम्हाला बादलीतल्या पाण्यासारखं खाली ओतलं. केरब्रा बसल्या बसल्याच गेले, पण नवं जहाज पहिल्यांदा पाण्यात सोडतात तशा डौलात.

खाली धुक्यात कुणीतरी खोकलं. फिर्मँ होता, जुनी लिफ्ट बावीस वर्षं चालवणारा! मला हायसं वाटलं. त्यालाही खानावळीतच जायचं होतं. आपण गोठ्याच्या वरच्या अंगाला आहोत, हे त्यानं सांगितलं. मी म्हटलं, बरोबर, वासही येतोय. त्यालाही येत होता. देवदारांवर आमचं एकमत झालं, अंतरावर एकमत झालं, वाटेबद्दल तर बोलायलाच नको. एकमेकांचा निरोप घेऊन आम्ही दोघं खानावळीकडे निघालो. तो उजवीकडे, मी डावीकडे.

केरब्रा दोघांच्याही पाठींकडे आळीपाळीनं पाहत राहिले, आणि मग सभ्यपणानं माझ्यामागे आले.

एकला पाच मिनिटं असताना क्लेमांसचा फोन आला. मी म्हटलं, पोचलोच. तेवढ्यात धुकं फाटलं आणि खाली चर्चचा कळस दिसला. आमच्या चर्चचा कळस टोकदार. हा कांद्यासारखा होता.

"हेच का तुमचं गाव?" केरब्रांनी विचारलं.

"नाही."

"मग कुठलं?"

"त्याचं नाव आम्ही घेत नाही." ते प्राबेर होतं. कुरणाच्या हद्दीवरून माझ्या आजोबांपासून आमचं त्यांच्याशी बोलणं बंद. आता त्यांच्याच लिफ्टनं वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वर पुन्हा तीच गोधडी. मी डावीकडे वळणार, तोच केरब्रांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता तुम्ही माझ्यामागे या."

उताराच्या दोन्ही कडांना खांब रोवलेले असतात. त्यांनी सकाळपासून ते न्याहाळले होते. उजव्या कडेच्या खांबांची टोकं नारिंगी, आणि प्रत्येकावरचा आकडा खाली जाताना एकेकानं कमी होणारा. ते म्हणाले, बंदराच्या तोंडाशी आम्हीही असंच करतो, निशाण उजव्या हाताला धरून चालायचं. मग विचारलं, "हे खांब कधीपासून आहेत?"

"बरीच वर्षं झाली असतील," मी म्हटलं. "मला वाटायचं, डाव्या बाजूला येईपर्यंत रंग संपला."

"आणि आकडे?"

"चोरीला जाऊ नयेत म्हणून मोजून ठेवलेत."

त्यांनी फक्त काठ्या उचलल्या. सतरा, सोळा, पंधरा असं पुकारत पुढे निघाले, आणि चार आकड्याच्या खांबापाशी खानावळीची चिमणी आमच्यासमोर उभी राहिली. पावणेतीन वाजले होते!

स्वयंपाकघर बंद. चीजचं भांडं घासून पालथं घातलेलं. हिमनदी धुक्यात बेपत्ता. क्लेमांसनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत प्राबेरला जायला तयार झालो. मालोचा धीरच सुटला. बापाला खुर्चीतही बसू न देता तो दारातच म्हणाला, "बाबा, मी परत येत नाही. मी इथेच राहणार, ही खानावळ चालवणार."

केरब्रांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. सकाळपासून त्यांनी तो इतका वेळ पुसला नव्हता.

"राहा," ते शेवटी म्हणाले. "तिकडे माझ्या जागेवर यायला चार जण टपलेत. इथे मात्र खांब बघून चालणारा एक तरी माणूस हवा. या लोकांना असं टाकून जाववत नाही मला."

क्लेमांस त्यांच्या गळ्यात पडली. सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. 'हे लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न मला घरी गेल्यावर पडला.

जूनच्या लग्नाला पाहुण्यांसाठी वाट लिहून द्यायची होती. मी दोन पानं लिहिली. ती कुठे गेली, कुणी सांगत नाही. केरब्रांनी मात्र स्वतः सुरेख नकाशा काढून पाठवला. त्यात चर्च होतं, खानावळ होती, आणि माझ्या घरावर एक खास खूण होती. बारीक ठिपक्यांचं वर्तुळ आणि आत फुली. अशी खूण दुसऱ्या कुठल्याच घराला नव्हती! वधूपित्याचा मान आहे, हे मी सगळ्या गावाला दाखवून आलो. फिर्मँ जळला.

लग्नानंतर सहज मी जावईबापूंना त्या खुणेचा अर्थ विचारला. मालोनं आधी दार लोटून घेतलं.

"पपा, सागरी नकाशात ती पाण्याखालच्या खडकाची खूण असते," तो म्हणाला. "जहाजांनी लांबून जावं म्हणून."

तो नकाशा मी चुलीत घातला नाही. भिंतीवर लावलाय. कागद चांगला आहे.