तड्याची प्रगती

कोलार रोडवरच्या आमच्या सोसायटीत इंदुमतीबाई देशकर यांच्या छताला दीड वीत लांबीचा तडा पडला, ही बाब अध्यक्षांच्या रीतसर निदर्शनास आणून देण्यात आली. बाई सत्तरीच्या, एकट्या. वरची गच्ची सोसायटीची, म्हणून दुरुस्तीला अध्यक्षांची सही लागते. मिस्त्री बाईंनीच ठरवला होता. सही तेवढी हवी होती.

अध्यक्ष जयंतराव एका कारखान्याच्या नियोजन विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारली, तारीख घातली आणि म्हणाले, "बदलत्या परिस्थितीत घाई करायची नसते, बाई. सोमवारी बघू, कुठवर जातो ते."

सोमवारी तडा रेघ ओलांडून वीतभर पुढे! जयंतरावांनी सहीसाठी तयार केलेला तड्याचा अहवाल फाडला. "हा मागच्या तड्याचा होता. या तड्याचा नवा करा." सचिव मीच, मी केला. पुढच्या सोमवारी तोही शिळा. असे सहा झाले. दरम्यान तड्याला चुकवत चुकवत बाईंची खाट बेडरूममधून हॉलमध्ये आली. समितीने त्यांच्या लवचिकतेचं लेखी कौतुक केलं.

मिस्त्री वर बघून इथल्या बोलीतल्या हिंदीत म्हणाला, "को खां, ये तो पंद्रह दिन में गिर जाएगा!"

"हा झाला अंदाज. अंदाजावर मी सही करत नसतो," असं म्हणून जयंतरावांनी स्वतः आलेख काढला. आलेखानुसार छत चौदा तारखेला पडणार होतं.

"मग तेराला सही करा की!" मी म्हटलं.

"अहो, तेराला ते पडलेलं नसेल. कशाच्या आधारावर करू? बैठक पंधराला ठेवा."

आता बोला! इंदुमतीबाई रडकुंडीला आल्या. "जयंतराव, तुमच्या या आलेखात मी कुठे आहे हो?"

जयंतरावांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "तुम्हाला गृहीत धरलंय," ते म्हणाले.

चौदाला दुपारी छत पडलं. बाई दाराकडे धावल्या म्हणून जीव वाचला, पाय मात्र मोडला.

पंधराच्या बैठकीत जयंतराव म्हणाले, "आता कसलीच अनिश्चितता उरलेली नाही." आणि तडा बुजवायच्या परवानगीवर त्यांनी ऐटीत सही ठोकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तारीखवार भाकीत करणारा अध्यक्ष पुन्हा मिळायचा नाही, सबब त्यांना आणखी पाच वर्षं द्यावीत, असा ठराव मीच मांडला. एकूण एक हात वर झाले.

हसताय काय? तुमच्या डोक्यावरचं छत शाबूत आहे ना? मग तुमचाही हात वरच असता.