चौकटीवरचा ज्ञ

सौंदडला आमच्या शेजारी डोमाजी मास्तर राहायचे. एकटेच. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली: ‘वर्गीकरणशास्त्रज्ञ’. शब्द पाटीत मावेना, म्हणून शेवटचा ‘ज्ञ’ चौकटीवर रंगवला.

पोस्टमननं विचारलं, “ये कौनसी बीमारी है, मास्तरजी?”

“झाडं, प्राणी पारखून कोण कोणाच्या कुळातलं हे ठरवते, तो वर्गीकरणशास्त्रज्ञ! वकिलाले वकील म्हणता ना? मंग मलेही पूर्ण म्हणा!”

कोणी म्हणत नसे. मास्तर मात्र कामाला लागले. माझ्या परसात वांग्याला आणि टमाट्याला चिठ्ठ्या बांधून गेले: ‘सख्खे चुलत’. मी चिठ्ठ्या चुलीत घातल्या.

एका उन्हाळ्यात गावातली भागरथाबाई टोपली घेऊन मास्तरांच्या ओट्यावर आली. हलक्या आणि भारी धानाचं बियाणं एकमेकांत सांडलं होतं. तसंच पेरलं तर हलकं आधी पिकून गळणार, भारी हिरवंच राहणार. दुसरं बियाणं तिच्याकडे नव्हतं.

“कोण कोणाच्या कुळातलं हे तुमीच ठरवता ना जी? मंग ह्या दाण्याईचं सांगा.”

“बाई, हे शास्त्र आहे! निवडणं-टिपणं नाही!” मास्तरांनी दार लावलं.

भागरथाबाई ओट्यावरून हलली नाही. “मंग कायले शिकले जी येवढं?” ती बंद दाराला म्हणाली.

थोड्या वेळानं दार उघडलं. मास्तर भिंग आणि सूप घेऊन बाहेर आले.

पंधरा दिवस ते एकेक दाणा पाहत बसले. ओट्यावर बायका जमू लागल्या. घराघरांतून चहा येऊ लागला. पेरणीआधी भागरथाबाईनं दोन वेगळी गाठोडी उचलली आणि जाताना पाटीवरचा तो अख्खा शब्द म्हणाली. दोनदा अडखळली. मास्तरांनी, जन्मात पहिल्यांदा, चूक काढली नाही.

मग ओटा ओस पडला. मास्तर मांडीवर सूप घेऊन बसायचे. सुपात काही नसायचं.

चौथ्या दिवशी मी घरचे निवडलेले मूग आणि हरभरे एकत्र मिसळले आणि नेऊन दिले. म्हटलं, “मांजरीनं सांडले.”

तासाभरात दोन डबे घेऊन मास्तर आमच्या दारात.

“वैनी,” ते हळूच म्हणाले, “उद्या मांजरीले तुरीच्या डाळीत लाखेची डाळ सांडू द्या. दिसाले तुरीसारखीच, ओळखायले कठीण राहते. हे फार लवकर झालं.”