मकबूलभाईंचे सत्कार

मकबूलभाईंच्या हातात नारळ दिसला की आमच्या बाजारातले दुकानदार मागच्या दाराने सटकतात. कारण मकबूलभाई आधी सत्कार करतात आणि मग मागतात. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर टॉवेल, टोपी, नारळ आणि लगेच फोटो. "सत्कार झालेल्या माणसाला न्हाय म्हणता येत न्हाय, सर," हे त्यांचं शास्त्र.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, मकबूलभाई निवृत्त मोटर मेकॅनिक. आम्ही चार हौशी माणसं दर रविवारी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोबोट बनवतो. बनवतो सगळे, पण त्याला पोसतात मकबूलभाई. त्याच्या अंगावर सात प्रायोजकांची नावं रंगवलेली आहेत. त्यात एक सलूनही आहे. रोबोटला केस नसल्यामुळे त्यांनी आम्हा चौघांची कटिंग फुकट केली.

प्रायोजक मिळवण्यापेक्षा टिकवणं लई अवघड, असं ते म्हणतात. म्हणून प्रत्येकाच्या घरच्या कार्याला रोबोट घेऊन हजर. हार्डवेअरवाल्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात तो पेढ्यांचं ताट घेऊन थेट व्याह्यांच्या अंगावर गेला. व्याही खुर्चीवर चढले. मकबूलभाई शांतपणे म्हणाले, "पाया पडतोय की." व्याह्यांनी वरूनच आशीर्वाद दिला.

यंदा मात्र घोडं अडलं. पंपांच्या एका कारखानदाराने पुण्याच्या रोबोट-स्पर्धेसाठी चाकांच्या दोन नव्या मोटारी पाठवल्या. अट एकच, रोबोटच्या छातीवर त्यांचं नाव हवं. छातीवर होतं 'मल्लिनाथ बॅटरी'. मल्लिनाथ अण्णा आमचे पहिले प्रायोजक, पण त्यांचं दुकान कधीच बंद झालं होतं. रोबोटच्या जुन्या मोटारींवर पुण्यात उतरण्यात अर्थ नव्हता. आम्ही तिघं म्हणालो, नाव पुसा. मकबूलभाई ऐकेनात आणि कारणही सांगेनात. मला त्यांचा भयंकर राग आला.

शनिवारी ते नसताना मी थिनरची बाटली आणि फडकं घेऊन शेडवर गेलो, तर रोबोटच जागेवर नाही. शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं, दर शनिवारी अण्णांच्या घरी नेतात. मी तसाच तिकडे गेलो.

अण्णा अंगणात खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. डाव्या हाताचं बोट रोबोटच्या छातीवरून सरकत होतं. "म... ल्लि..." एवढं म्हणून ते थांबले. शेजारी उकिडवे बसलेले मकबूलभाई मान डोलवत होते.

माझ्या हातातली बाटली त्यांनी पाहिली. रागावले नाहीत. उठून बाजूला आले आणि हळू आवाजात म्हणाले, "लकव्यात वाचणं समदं गेलं, सर. घरच्यांनी बोभाटा नको म्हटलंय. पेपर दिला तर ढकलून देतोय, ह्याच्यावर मात्र बोट ठेवतोय. दोन अक्षरं आलीत. अजून दोन ऱ्हायलीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी मोटारी परत करायला मीच गेलो. पुणं यंदा राहिलं.